तांग यिंग : राजभट्टीचा कारभारी

पाहुण्यांस चहा द्यावयाचा झाला कीं आपल्या घरांत कपबशी निघते. फळीवर लोणच्याची बरणी असते. या सर्वांस आपण सरसकट चिनी मातीचीं भांडीं म्हणतों. वास्तविक लोणच्याची जाड बरणी खऱ्या चिनी मातीची नव्हे. ती भाजून दगडासारखी झालेली निराळी माती. खरें चिनी भांडें उजेडासमोर धरिलें असतां पलीकडील बोटांची सावली दिसते, आणि टिचकी मारिली असतां घंटेसारखा नाद निघतो. या भांड्यांचें माहेर कोणतें हें त्यांच्या नांवावरूनच कळतें. परंतु तीं कोणाच्या हातून झालीं हें नांवावरून कळत नाहीं. चीनच्या बादशहांच्या ताटबशांवर सुमारें २८ वर्षें, मधला थोडा खंड सोडल्यास, ज्याची नजर फिरली, त्या तांग यिंग नांवाच्या गृहस्थाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

तांग यिंगचा जन्म १६८२ सालीं चीनच्या ईशान्येस शेनयांग येथें झाला. त्या काळीं चीनवर मांचू लोकांच्या चिंग घराण्याचें राज्य होतें. तांगचें कुळ चिनीच. पण तें मांचूंच्या पदरीं राहिलेलें असून राजघराण्याच्या खास चाकरांत त्याची गणना होत असे. चाकर या शब्दानें वाचकांनीं घरकाम करणारा गडी समजूं नये. असे लोक मोठमोठ्या हुद्यांस चढत. मात्र कितीहि चढले तरी बादशहाचे चाकर ते चाकरच. सोळाव्या वर्षीं तांग पेकिंगच्या राजवाड्यांत कामास लागला. कांगशी बादशहाच्या कारकीर्दींत वीस वर्षांहून अधिक काळ त्यानें तेथेंच काढिला. चित्रें काढणें, सुंदर अक्षर लिहिणें, कविता करणें या विद्या त्यास चांगल्या अवगत झाल्या. १७२२ सालाच्या अखेरीस योंगझेंग बादशहा गादीवर आला, आणि १७२३ सालीं राजगृहाच्या खात्यांत त्यास अधिकाऱ्याची जागा मिळाली. तोंपर्यंत मातीच्या कामाशीं त्याचा कांहीं संबंध आलेला नव्हता.

१७२८ सालीं हुकूम झाला कीं तांग यिंगनें दक्षिणेस जिंगदेझेन येथें जाऊन राजभट्टीवर राहावें. त्या वेळीं त्याचें वय ४६ वर्षांचें होतें. त्याचा वरिष्ठ न्यान शीयाव हा तेथून फार दूर ह्वाइआन येथें जकातीचा मुख्य अधिकारी होता. भट्टीचा खर्च त्या जकातीच्या उत्पन्नांतून चाले. या न्यानचा भाऊ मोठा सेनापति होता. तो बादशहाच्या मर्जींतून उतरला आणि १७२६ सालीं राजाज्ञेनें त्यास स्वतःच्या हातानें प्राण द्यावा लागला. अशा धन्याची चाकरी होती. बशी वांकडी निघाली तर काय होईल, याचा विचार नव्या अधिकाऱ्याच्या मनांत आल्यावांचून राहिला नसेल.

जिंगदेझेन हें गांव च्यांग्शी प्रांतांत छांग नदीच्या कांठीं आहे. भोंवतालच्या डोंगरांत दोन पदार्थ सांपडतात. एक पांढरी माती. काओलिंग नांवाच्या टेकडीवरून तिला सर्व जगांत काओलिन हें नांव पडलें. दुसरा एक पांढुरका दगड. तो ओढ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या लांकडी हातोड्यांनीं कुटून, धुवून, त्याच्या लहान विटा पाडितात. मातीनें भांड्यास आकार टिकविण्याचें बळ येतें आणि दगड आगींत वितळून त्यास कांचेसारखा बंध देतो. तेथील लोक एकास हाडें व दुसऱ्यास मांस म्हणत, असें फ्रेंच मिशनरी फादर दांत्रकोल यांनीं लिहून ठेविलें आहे. या गृहस्थांनीं त्या गांवीं राहून, तेथील कुंभारांत जे ख्रिस्ती झाले होते त्यांस विचारून विचारून, १७१२ व १७२२ सालीं दोन लांब पत्रें स्वदेशीं धाडिलीं. गांवांत सुमारें ३००० भट्ट्या आहेत, रात्रीं पाहावें तर सर्व शहर पेटल्यासारखें दिसतें, आणि तेथें आंधळ्या-पांगळ्यांसहि रंग वाटून पोट भरतां येतें, असा मजकूर त्यांत आहे. तांग यिंग ज्या गांवांत उतरला तें असें होतें.

अधिकारी नवा आणि कारागीर जुने असले म्हणजे काय होतें, हें कोणत्याहि कचेरींत वा कारखान्यांत दिवस काढलेल्या पालकांस आम्हीं सांगावयास नको. कारागीर म्हणेल त्यास मान डोलवावी लागते. तांग यिंगनें ही आपली स्थिति पुढें स्वतःच मोकळेपणानें लिहिली आहे. आणि आम्हांस तो आवडूं लागला तो या जागेपासून. त्यानें भेटीगाठी बंद केल्या, मेजवान्या सोडिल्या, आणि तीन वर्षें कारागिरांबरोबर जेवावें, कारागिरांबरोबर विसांवा घ्यावा, असा क्रम ठेविला. राजवाड्यांत वाढलेल्या माणसास हें सोपें गेलें असेल असें वाटत नाहीं. १७३१ च्या सुमारास त्यास माती, झिलई आणि आग यांचे स्वभाव कळूं लागले. सर्व कळलें असें तो म्हणत नाहीं. पूर्वीं कारागिरांच्या मागून जावें लागे, आतां कांहीं बाबतींत त्यांस पुढें नेतां येतें, एवढेंच तो म्हणतो. यानंतर स्वतःचा उल्लेख करितांना तो कुंभार हा शब्द मोठ्या आवडीनें वापरूं लागला. आपल्या लेखसंग्रहाच्या नांवांतहि त्यानें तोच घातला आहे.

आतां एका बशीची हकीकत ऐका. चाकावर ती उठते, सांच्यावर दाबून तिचा आकार सारखा करितात, मग वाळवून तिला कांतितात. नंतर निळी नक्षी येते. हा निळा रंग कोबाल्ट या खनिजाचा. तो चेज्यांग प्रांतांतून येई, निवडला जाई, आणि लहान खलांत महिनाभर वाटला जाई. वाटणाऱ्यास महिन्याची मजुरी सुमारें एक तोळाभर चांदी. जो दोन्ही हातांनीं दोन खल चालवी किंवा मध्यरात्रीपर्यंत बसे, त्यास दुप्पट. म्हातारे, पोरें व अपंग माणसें यांचा निर्वाह या कामावर होई. पुढें चित्रकाराची पाळी; पण चित्रकार एक नव्हे. जो रेषा काढी तो केवळ रेषाच शिके, आणि जो आंत रंग भरी तो रंग भरण्यापलीकडे कांहीं शिकत नसे. एकाच जातीच्या शेंकडों बशा हुबेहूब सारख्या निघाव्या, एकाचा हात दुसऱ्याहून वेगळा दिसूं नये, म्हणून ही योजना, आणि दोघांस बसवीत मात्र एकाच खोलींत. मग झिलई. सर्वांत शेवटीं बुडाची कड कांतून तेथें बादशहाच्या कारकीर्दीचें नांव घालीत.

यापुढें खरी परीक्षा भट्टींत. प्रत्येक भांडें जाड मातीच्या डब्यांत बंद करून, डब्यांवर डबे रचून, पाइनच्या लांकडांचा जाळ करीत. उष्णता १३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाई. ती मोजावयास यंत्र नव्हतें. भट्टीवाल्याचा डोळा तेंच यंत्र. चवथ्या दिवशीं सकाळीं भट्टी उघडीत, तेव्हांहि डबे तांबूस-जांभळे दिसत. हातांत दहाबारा पदरी कापडाचे थंड पाण्यांत भिजविलेले मोजे, डोकें, तोंड, खांदे, पाठ ओल्या फडक्यांनीं गुंडाळलेली, अशा वेषानें माणसें आंत शिरून माल बाहेर काढीत, आणि भट्टी गरम आहे तोंच नवा माल आंत भरीत. हें सर्व वर्णन तांग यिंगनें स्वतः लिहिलेलें आहे.

या भट्टीपाशीं एक जुनी कथा जडलेली होती. तांगच्या पूर्वीं सव्वाशें वर्षें, मिंग घराण्याच्या वानली बादशहानें राजवाड्यासाठीं नागाकृति ड्रॅगनांच्या चित्रांचे प्रचंड रांजण मागविले. असा रांजण भाजणें महाकठीण. एकामागून एक तडकत गेले. देखरेखीस आलेला दरबारी अधिकारी कारागिरांस मारहाण करी, उपाशी ठेवी. १५९९ च्या सुमारास तुंग बिन नांवाचा एक कुंभार सोबत्यांचे हाल न पाहवून पेटत्या भट्टींत शिरला आणि जळून गेला. त्यानंतर रांजण साधला, असें लोक सांगतात. कारागीर खवळून उठले. पुढें तुंग बिनचें लहान देऊळ झालें आणि भट्टीवाले त्यास अग्नीचा देव मानूं लागले. आमच्या मतें रांजण साधण्याचें कारण माती व लांकूड यांतच शोधावें लागेल. पण माणूस आगींत गेला, आणि कां गेला, हें ज्यांनीं लक्षांत ठेविलें त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

तांग यिंगच्या नजरेस त्या देवळाच्या भिंतीजवळ उकिरड्यांत टाकलेला एक मोठा रांजण पडला. बाहेरून चार निळे ड्रॅगन, खालीं लाटांची नक्षी, कांठ शाबूत; बूड मात्र निखळलेलें. तुंग बिनच्या वेळचाच एक वाया गेलेला रांजण तो. बादशहाच्या भांडारांत जावयास नालायक ठरलेलें भांडें एखादा अधिकारी उचलील तें फेंकून देण्यासाठीं. तांगनें तो माणसें लावून देवळांत नेला, चौथऱ्यावर बसविला, आणि १७३० सालीं त्यावर एक लेख लिहिला. तुंग बिनचें छोटें चरित्रहि त्यानें लिहिलें: कोणत्या घराण्यांतला, लहानपणीं पोरका कसा झाला, बायको कोण, मुलगा कोण. रांजण हा मेलेल्याच्या हाडामांसाचा व जमलेल्यांच्या घामाचा झालेला आहे, असा त्या लेखाचा भाव आहे. बादशहाच्या नोकरानें, बादशाही मागणीपायीं मेलेल्या मजुराविषयीं असें लिहावें, हें त्या काळीं साधें धाडस नव्हे.

राजवाड्याची मागणी तरी काय असे? बशी म्हटली तरी तीवरून खाणाऱ्याची पायरी ओळखूं येत असे. आंतबाहेर पिवळी भांडीं राजमाता व महाराणी यांचीं. बाहेरून पिवळें व आंतून पांढरें तें महाराणीच्या खालच्या पहिल्या राणीचें. तिच्या खालच्या दोन पायऱ्यांस पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन. त्याखालीं निळ्यावर पिवळा. त्याखालीं हिरव्यावर जांभळा. आणि आणखी खालीं अनेक रंगांत तांबडा ड्रॅगन. जेवावयास बसतांच कोण कोणाच्या वर हें न बोलतां समजे. आपल्याकडे पंगतींत पाट कोठें मांडला यावरून मान ठरत असे, त्यांतलाच हा प्रकार. तेथें तो भट्टींत भाजून पक्का केलेला.

याखेरीज शुभचिन्हांच्या बशा असत. चिनी भाषेंत वटवाघुळाचें नांव व सुख या शब्दाचा उच्चार एकच, फू. म्हणून ज्या प्राण्यास आपण अशुभ मानितों तो बादशहाच्या बशीवर तांबडा होऊन उडतो. पीच हें फळ दीर्घायुष्याचें. डाळिंब दाण्यांमुळें बहुसंततीचें. आणि बोटांसारख्या फांट्यांचें एक लिंबू आहे, बुद्धाचा हात म्हणतात त्यास, तें सौभाग्याचें. या फळांच्या बशांत पीचच्या बशा आम्हांस सर्वांत सुंदर वाटतात. योंगझेंगच्या काळच्या बशीवर फांदी बाहेरच्या अंगास बुडाजवळ उगवते, वर चढते, कांठ ओलांडून आंत उतरते, आणि आंत फुलते-फळते. बाहेरचें चित्र जेथें संपतें तेथेंच आंतलें सुरू व्हावयास पाहिजे; कांठावर केसभर चूक झाली तर फांदी मोडल्यासारखी दिसेल. हे गुलाबी रंग झिलईच्या वर मीनाकामानें देतात. बशी एकदां मोठ्या आंचेवर पांढरी भाजून घ्यावी, मग रंगवावी, मग सौम्य आंचेवर पुन्हां भाजावी. गुलाबी छटा सोन्याच्या अत्यंत सूक्ष्म कणांमुळें येते. या रंगांची कांहीं कला यूरोपांतून आली, आणि १७२८ सालीं, म्हणजे तांग भट्टीवर गेला त्याच वर्षीं, राजवाड्याच्या कारखान्यांत मीन्याचे पुष्कळसे रंग देशांतच तयार होऊं लागले. तांगनें या पद्धतीस परदेशी रंग हेंच नांव ठेविलें; उसनें घेतलेलें लपविलें नाहीं.

तो जुन्याचाहि शोध करी. कित्येक शतकांपूर्वीं हनान प्रांतांत च्यूनचो येथें जांभळ्या-निळ्या छटांची एक झिलई होत असे; तिची कृति लोपली होती. १७२९ सालीं तांगनें आपला सहकारी वू याओपू यास त्या जुन्या गांवीं धाडून माहिती काढविली, आणि त्याच्या निरोपाची कविताहि लिहिली. १७३५ सालीं त्यानें भट्टीच्या कामाचा अहवाल दगडावर कोरविला. त्यांत झिलई व नक्षी यांचे ५० हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. आंकडेहि आहेत. कामावर ३०० हून अधिक माणसें. वर्षाचा खर्च चांदीचे ८००० लिआंग (एक लिआंग म्हणजे सुमारें सव्वातीन तोळे). वर्षास ६०० हून अधिक पिंपें भरून माल पेकिंगला रवाना. पहिल्या प्रतीच्या ताटल्या, वाडगे, प्याले, बशा मिळून १६ ते १७ हजार, आणि निवडींत मागें पडलेलीं दुय्यम भांडीं ६० ते ७० हजार. मुलांनीं या दोन आंकड्यांचें प्रमाण काढून पाहावें. पांच भांडीं भट्टींतून निघालीं तर त्यांत राजाच्या पंगतीस जाण्याजोगें एक.

राहिलेल्या चार भांड्यांचें काय करावयाचें, हा मोठा प्रश्न होता. मिंग राजवटींत नाकारलेला माल फोडून पुरीत. त्याचे ढीग गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत जिंगदेझेनच्या जमिनींत उकरून काढण्यांत आले. तांग येण्यापूर्वीं दुय्यम माल कोठारांत बेहिशेबी पडून असे आणि पाय फुटून नाहींसा होई. त्यानें त्याची वही घातली आणि तोहि राजधानीस पाठवूं लागला. पुढें १७४२ मध्यें बादशहानें हा माल जागच्या जागीं विकून टाकण्याचा हुकूम काढिला. तांग यिंगनें अर्ज केला कीं पिवळ्या भांड्यांवर आणि पांच नखांच्या ड्रॅगनांवर राजाचाच हक्क. तीं बाजारांत गेलीं तर कोणीहि त्यांत जेवील आणि खासगी भट्ट्या नक्कल करतील. उत्तर मोठें मौजेचें आलें. पिवळ्या भांड्यांची विनंति मान्य. पांच नखांचे ड्रॅगन बाहेर नेहमींच दिसतात, ते खुशाल विका. ज्या चिन्हासाठीं नोकर जिवापाड जपत होता, त्याविषयीं धनी इतका बेफिकीर!

हा धनी म्हणजे योंगझेंगचा मुलगा चियानलुंग. १७३५ सालीं बाप वारल्यावर तो गादीवर आला. त्यास जुन्या वस्तूंचा नाद. स्वतः हजारों कविता करणारा. एकेक भांडें हातांत घेऊन पाहणारा. अशा रसिक धन्याच्या हाताखालीं काम करणें सुखाचें असेल असें दुरून वाटतें. तांग यिंग १७३६ मध्यें ह्वाइआनच्या आणि १७३९ मध्यें ज्यूज्यांगच्या जकातीवर गेला; भट्टीची जबाबदारी मात्र त्याच्याकडेच राहिली. दिवस जकातीच्या हिशेबांत जात, भट्टी दूर. १७४१ मध्यें बादशहाची सक्त ताकीद आली: माल ओबडधोबड, झिलई हलकी, आणि कांहीं भांडीं फुटकीं. हिशेबांतील कांहीं रक्कम नामंजूर होऊन तिची भरपाईहि त्याच्या माथीं आली. साठीच्या घरांतल्या माणसास हा घाव मोठा होता. त्याच सुमारास लाओगे नांवाचा साहाय्यक भट्टीवर कायम राहण्यास मिळाला, आणि त्यानें पुढें अनेक वर्षें तें काम इमानानें केलें.

तांगनें या रागास उत्तर दिलें तें भांड्यांनींच. १७४३ मध्यें त्यानें मागणी नसतां नवे नमुने करून पाठविले. त्यांत एक फुलपात्र असें होतें कीं बाहेरची भिंत जाळीदार, आंत दुसरी भिंत, आणि मधोमध वरचा अर्धा व खालचा अर्धा एकमेकांत अडकलेला. हलवावा तर हलतो, काढावा तर निघत नाहीं. असें फुलपात्र आज तैपेई येथील राजवाडा-संग्रहालयांत आहे. त्याच वर्षीं बादशहानें दरबारी चित्रकारांकडून काढविलेलीं भट्टीच्या कामाचीं २० चित्रें तांगकडे धाडिलीं आणि प्रत्येकाचें वर्णन लिहिण्यास सांगितलें. तांगनें तें बारा-तेरा दिवसांत लिहून दिलें. खाणींतला दगड, धुतलेली माती, खल वाटणारीं पोरें, रेषा काढणारे आणि रंग भरणारे, ओले मोजे घातलेले भट्टीवाले, पेंढ्यांत भांडीं बांधणारे, सर्व क्रमानें येतात. शेवटचें विसावें चित्र देवपूजेचें. तेथें त्यानें तुंग बिनची गोष्ट पुन्हां सांगितली. म्हणजे राजवाड्यांत ठेवावयाच्या पुस्तकांत, मागच्या राजघराण्याचा कां होईना, पण मागणीपायीं जळालेला कुंभार त्यानें नेऊन बसविला. चिनी मातीच्या कामाविषयीं ज्यास म्हणून कांहीं जाणावयाचें असेल, त्यास आजहि या २० वर्णनांपाशीं यावेंच लागतें.

त्याचा आणखी एक छंद सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो नाटकें लिहीत असे. हलक्या समजल्या जाणाऱ्या गांवठी खेळांचीं कथानकें घेऊन तीं प्रतिष्ठित संगीत नाटकांच्या साच्यांत तो बसवी. त्याचीं १७ नाटकें उपलब्ध आहेत. पिठाच्या रांजणांत लपलेल्या माणसांची फजिती हा त्यांपैकीं एकाचा विषय! ही गोष्ट रंगभूमीवर पुढेंहि चालत राहिली. घोगलगाईसारखा लहानशा घरांत राहणारा म्हातारा, अशा अर्थाचें टोपणनांव त्यानें घेतलें होतें.

१७५० मध्यें त्याची बदली दक्षिणेस कँटनच्या जकातीवर झाली. दोन वर्षांनीं, १७५२ मध्यें, तो परत आला. छांग नदी ओलांडीत असतां त्यास दोन्ही कांठांवर माणसांची गर्दी दिसली. गांवचे शिकलेले लोक, व्यापारी आणि कारागीर आपल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यास सामोरे आले होते. बादशहानें बक्षीस दिलें तर अधिकारी कविता करितो ही रीतच आहे. तांगनें या प्रसंगावर कविता केली, आणि आपणांस संकोच वाटला असें तींत लिहिलें. १७५६ सालीं वयाच्या ७४ व्या वर्षीं तो वारला. त्यानंतरहि राजभट्टी चालली, उत्तम भांडीं झालीं, तथापि तिच्यावर त्याच्या तोडीचा माणूस पुन्हां आला नाहीं, असेंच जाणते लोक मानतात.

योंगझेंग व चियानलुंग यांच्या काळच्या बशा पाहावयाच्या तर त्या पेकिंग व तैपेई येथें विपुल आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें एक स्वतंत्र दालन चिनी भांड्यांच्या ज्या संग्रहासाठीं आहे, तो जमविणारे सर पर्सिव्हल डेव्हिड हे मुंबईंत १८९२ सालीं जन्मले, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतहि टाटा बंधूंनीं दिलेल्या संग्रहांत चिनी भांडीं आहेत. सुटीच्या दिवशीं पालकांनीं मुलांस तेथें न्यावें.

राजभट्टीच्या बशीच्या बुडाशीं बहुधा निळ्या रंगांत सहा अक्षरें असतात. तीं घराण्याचीं व बादशहाचीं. कारभाऱ्याचें किंवा रेषा काढणाऱ्याचें नांव तेथें नसतें. तांग यिंगचें स्वतःचें हस्ताक्षर मात्र एका ठिकाणीं चिनी मातीवर मोठें दिसतें. तुंग बिनच्या देवळाच्या दारावर लावण्यासाठीं त्यानें एक फलक लिहून दिला. पांढऱ्यावर निळीं चार अक्षरें, अर्थ असा कीं मातीच्या कामाचें रक्षण करणाऱ्याचें हें देऊळ. तो फलक भट्टींत न तडकतां निघाला, आणि अद्याप जिंगदेझेन येथें जपून ठेविलेला आहे.